काल्याचा द्रोण

जवळ सरून बसा मंडळी, आज देवळाबाहेरची गोष्ट सांगते.

कोथरूडच्या आमच्या देवळासमोर फुटपाथवर यमुनाबाई राहतात. त्यांचा पाय चिघळलेला. बेघरांसाठी काम करणाऱ्या पूर्णिमाताई तीन महिने येऊन मलमपट्टी करत राहिल्या, तेव्हा कुठे बाई ऑपरेशनला तयार झाल्या.

परवा काल्याचं कीर्तन संपलं आणि मी भरल्या मनाने त्यांच्यासाठी द्रोण घेऊन गेले.

“आज नको, माई,” त्या दोनदा म्हणाल्या.

“अहो, काल्याला कुणी नाही म्हणतं का?” मी द्रोण हातातच दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि खाल्ला.

तेवढ्यात पूर्णिमाताई रिक्षा घेऊन आल्या. रिकामा द्रोण बघून थबकल्या. “आजी, उपाशी राहायचं म्हटलं होतं ना? आता आज भूल देणार नाहीत. पुढची तारीख महिन्याने. तोवर पाय वाचेल का?”

मी शेजारीच उभी होते.

 

यमुनाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “चुकलं माझं, पोरी. भूक आवरली नाही.”

 

काला हातावर घ्याल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.