नळाचा प्रसंग

"तेवढा नळाचा प्रसंग काढा, बाई संध्याकाळच्या आत घरी येतील," अधिकारी म्हणाला.

लेखक उभाच होता. बायकोला पोलिसांनी धरून नेल्याला आज चौथा दिवस. वस्तीला पाणी मिळावं म्हणून दोघं बारा वर्षं मोर्चे काढत होते. त्या दिवशीच्या धरण्याला मात्र ती एकटी गेली. तो टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमाचा भाग लिहीत घरी बसला होता.

प्रसंग साधा होता. मंत्री वस्तीत नळाचं उद्घाटन करतात. भिंतीमागून सचिव बादलीनं नळात पाणी ओततो. बादली संपते, भाषण संपत नाही. हे शेवटचं तिनंच सुचवलं होतं आणि पोट धरून हसली होती.

"तिला भेटू द्या."

"भेट नाही. पण निरोप आहे त्यांचा. म्हणाल्या, आता अंगात त्राण नाही, त्यांना म्हणावं काढून टाका."

ती असं बोलेल? चार दिवसांत माणूस काहीही बोलतं. त्याला राग आला नाही, रडूही आलं नाही. डोकं नुसतं बधिर झालं होतं. त्यानं मान हलवली.

दुपारी स्टुडिओत दिग्दर्शकानं कागद पाहिला. "मास्तर, हा तर भागाचा जीव आहे."

"काढ."

"आठला थेट दाखवायचंय. त्याच्या जागी काय घालू?"

"घोरणाऱ्या जावयाचं ते जुनंच घाल."

तालमीत नट घोरला, दिवेवाले हसले. लेखक पिशवी उचलून घरी आला.

सात वाजता ती आली. डोळ्याखाली काळंनिळं पडलेलं, चालताना भिंतीचा आधार. त्यानं चहा केला. तिनं दोन्ही हातांनी कप धरून तो सावकाश संपवला.

"आजच आहे ना तो भाग?" तिनं विचारलं.

"हो."

"मग लाव की टीव्ही. आठ वाजले." ती खुर्चीत जरा सरळ बसली. "रोज एकच घोकत होते. नवऱ्याला निरोप द्या, नळाचं काढायला सांगा. मी हूं की चूं केलं नाही. शेवटी तेच हरले."