ओझं तेच

"हलू नको गो. गेल्या वेळी बसलंस, तशीच बस," बाबली मागे न बघताच म्हणाला.

"बसलंय," जानकी म्हणाली. "पण बेगीन चला. माका घरी जावन जरा पडाक व्हया."

मोटरसायकल चढाच्या तोंडाशी, सातेरीच्या देवळापाशी उभी होती. टाकीत हायवेवरच्या पंपाचं पेट्रोल होतं. गणपतीच्या चवथीपूर्वी चढाची हीच परीक्षा बाजारातल्या पंपाच्या पेट्रोलवर झाली होती. तो पंप दुसऱ्या कंपनीचा, आणि शेजारच्या शिवदासाच्या मते साऱ्या डिचोलीत तेवढं चांगलं पेट्रोल मिळायचं नाही. त्या दिवशी पिंपळाच्या वळणावर इंजिन गुरगुरलं आणि बाबलीला तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावं लागलं. दोष पेट्रोलचा, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. शिवदासाने इंजिनाला नावं ठेवली. तेव्हापासून हा वाद रोज संध्याकाळी चहाबरोबर चालायचा. टाकी पुरती आटल्याशिवाय दुसरं पेट्रोल भरायचं नाही असं ठरलेलं, आणि बाबली रिटायर झालेला, फिरणं कमी. त्यामुळे आजचा दिवस उजाडायला दिवाळी उलटावी लागली.

शिवदास आपल्या स्कूटरवरून उतरला. आरटीओचा माणूस असल्यासारखी त्याने मोटरसायकलभोवती फेरी मारली, चाकं दाबून पाहिली. हवेत खोट काढता येईना तेव्हा म्हणाला, "गेल्या वेळी होतां तेवढांच ओझां व्हया हां. नायतर परीक्षा कसली?"

"ओझां तेंच मरे," बाबली हसला. "बायल काय बदलूक नाय मी."

शिवदास खो खो हसला. जानकीनेही हसल्यासारखं केलं आणि मनगटावरून घरंगळणाऱ्या बांगड्या कोपराकडे सारल्या. सकाळची पेज तिने तशीच ठेवली होती. हल्ली अन्न जात नाही, असं ती सांगत असे. पित्त असेल, सोलकढी घे, असं बाबली सांगत असे आणि पुन्हा मायलेजकडे वळत असे.

ती मागे बसली की गाडीचे स्प्रिंग कुरकुरायचे, ही त्याची जुनी तक्रार. आज ते कुरकुरले नव्हते. परवा घातलेल्या ग्रीसचा गुण, असं त्याने मनातल्या मनात म्हटलं.

त्याने गाडी सोडली. पहिला, दुसरा, तिसरा. देवळाची कमान मागे पडली, काजूची झाडं सुरू झाली. मागून शिवदासाची स्कूटर कान टवकारून येत होती. पिंपळाचं वळण दिसलं तशी बाबलीची बोटं क्लचवर गेली, आणि नुसतीच तिथे राहिली. इंजिनाने कसली म्हणून तक्रार केली नाही. तिसऱ्यातच गाडी वळली आणि वर निघाली.

"बघितलंस गो?" बाबली लहान पोरासारखा ओरडला. "हेका म्हणतत पेट्रोल!"



बाबलीने उभं आयुष्य खाणीवरचा ट्रक चालवला होता. माल भरून याच चढावरून खाली नदीवरच्या बार्जच्या धक्क्यावर जायचं, आणि तिथे ट्रक ओतून याच चढाने रिकामं वर यायचं. डोळे बांधून बसवला असता तरी नुसत्या आवाजावरून ट्रक भरलेला की रिकामा, हे त्याने सांगितलं असतं. ते कान आता, वळण सरल्यावर, आपसूक जागे झाले. चांगल्या पेट्रोलने इंजिन कसं बोलतं हे त्याला ठाऊक होतं. हे तसं बोलत नव्हतं. हे धक्क्यावरून परत येणाऱ्या गाडीसारखं बोलत होतं.



माथ्यावर त्याने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. मान वळवून मागे पाहिलं. जानकीच्या ब्लाउजची बाही दंडावर सैल लोंबत होती आणि खांद्याशी टाचणी लावलेली होती. गालांची हाडं वर आली होती. रोज दोन्ही वेळा हीच बाई समोर बसून त्याला वाढत होती, आणि त्याने तिला पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"कधीपासून जेवक नाय तू?"

"सांगितलंय मां तुमका," जानकी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी तेवा पेट्रोलाचां बोलत होतात."

शिवदास धापा टाकीत पोचला. धाप स्कूटरला लागली होती की त्याला, कोण जाणे. "हरलंय मी, बाबल्या! तिसऱ्यातच चढली. मागसून सगळां आयकलंय. उद्यापासून मी पण हायवेवरच भरतंय."

बाबलीने गाडी जागच्या जागी वळवली. तोंड परत उताराकडे, डिचोलीच्या दिशेने.

"घर तिकडे नाय," जानकी म्हणाली.

"डॉक्टराकडे जावया. धरून बस."

"अरे, खंय चललंस?" शिवदास ओरडला. "जिंकलंस मां तू! चाय तरी पाज!"

"दोनय पंप सारकेच, शिवदास," बाबली म्हणाला आणि निघाला.

उतारावर इंजिनाला काही काम नव्हतं, आवाज जवळजवळ नव्हताच. पिंपळाच्या वळणापर्यंत बाबलीने दोनदा हात मागे नेला आणि जानकी बसली आहे ना, ते चाचपून पाहिलं.