डावीकडचं धुराडं

दोघा भावांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातला शिकारी बंगला राहायला म्हणून हौसेने घेतला, पण आर्किटेक्टकडून डागडुजी होऊन घर तयार होईपर्यंत त्यांचं इतकं फाटलं, की मधल्या जाड भिंतीतलं दारच विटांनी बुजवलं गेलं. त्या भिंतीला दोन्ही अंगांनी एकेक फायरप्लेस होती, आणि वर छपरावर दोन धुराडी: डावं थोरल्याच्या बाजूला, उजवं धाकट्याच्या.

थंडीत पलीकडून हसण्याखिदळण्याचे आवाज आले, की धाकट्याचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी "दादाला कसा खोकत बाहेर काढतो बघ!" म्हणत, बायको नको नको म्हणत असतानाही तो शिडीवरून छपरावर चढला, डाव्या धुराड्यात गोणपाटं गच्च कोंबून खाली आला, आणि आपल्या फायरप्लेसमध्ये लाकडं पेटवून मजा ऐकायला भिंतीला कान लावून बसला.

थोड्याच वेळात डोळे चोळत, खोकत, शिव्या घालत तो बायकोसकट अंगणात आला.



थोरल्याने कॉफीचा कप हातात धरूनच खिडकी उघडली. "भिंतीच्या आत दोन्ही धुराडी एकमेकांना ओलांडून वर जातात, हे आर्किटेक्ट सांगत होता ना, तेव्हाच तू माझ्या अंगावर धावून आला होतास!"