खोटी मासोळी

"जाकीट नीट बांधा, भैय्याजी," पुनाजी वल्हं मारत म्हणाला. "डोह खोल हाय."

भैय्याजींनी पट्टा आवळला आणि मोबाइल नावेच्या टोकाला बसवला. त्यांचा शौक मोठा. दर रविवारी नदी, गळ, माशासोबत फोटो, आणि मासा परत पाण्यात. हे सगळं मोबाइलवर थेट दाखवायचं. "आपण जीव घेत नाई," असं ते दर वेळी छाती फुगवून सांगत.

पुनाजीचा मुलगा सूरज दोन वर्षांपूर्वी आर्वीच्या रस्त्यावर जीपखाली चिरडला गेला. जीप भैय्याजींची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. पण ती आदल्या दिवशीच चोरीला गेली असं भैय्याजींनी ठोकून दिलं, आणि जीप काही कुठं सापडली नाही.

तरी आज पुनाजीनंच फोन करून त्यांना मरळ माशासाठी बोलावलं होतं. म्हातारा निवळला, असं भैय्याजींना वाटलं. निघताना भागाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "आज त्याले सोडू नका." पुनाजीच्या कमरेला सुरी होती.

"नखाले काळा रंग कायचा रे?"

"नावेचा."

नावेवर रंगाचा टिपूससुद्धा नव्हता. भैय्याजींचं तिकडं लक्ष नव्हतं. ते दोरीला प्लास्टिकची रंगीत मासोळी बांधत होते.

"मरळ काई भुकेनं धरत नाई, पुनाजी. पिलांपाशी कोनी आलं का रागानं झडप घालते. खरं-खोटं पाहतच नाई."

"मालूम हाय." पुनाजीनं वल्हं थांबवलं. "त्या बुडालेल्या बाभळीपाशी टाका. किती लोक पाहून राह्यले?"

"चार हजार!"

गळ पडला आणि बुंध्यात अडकला. अडकलेला गळ नाववाल्यानं बुडी मारून सोडवायचा, ही इथली रीत. पुनाजीनं सुरी दातांत धरली आणि तो पाण्यात शिरला.

बराच वेळ झाला. नावेच्या बुडाला काहीतरी घासलं. भैय्याजींनी जाकिटाचा पट्टा चाचपला.

पुनाजी धापा टाकत वर आला. "मोठी हाय. ओढा!"

"पाहा मित्रांनो!" भैय्याजींनी रीळ गरागरा फिरवलं. गाळानं माखलेलं काहीतरी चपटं वर आलं. पुनाजीनं अंगठ्यानं गाळ पुसला. जीपची नंबरपाटी होती. भैय्याजींचाच नंबर.

भैय्याजी आधी पांढरे पडले, मग लालबुंद झाले. त्यांनी पुनाजीची गचांडी धरली.

"हे इथं कशी आली? गाडी तं मी टेकडीमांगच्या खदानीत ढकलली होती!"

मोबाइल चालूच होता. पुनाजीनं पाटी हळूच फळीवर ठेवली. आर्वीच्या पेंटरनं ती शुक्रवारीच रंगवून, ओलीच त्याच्या हातात दिली होती. जीप कुठं आहे, ते पुनाजीला आत्ता कळलं.