याहून हलकी

“ही पण नको,” वेंडेल हॉगन म्हणाला आणि त्याने रायफलची नळी काउंटरवर ठेवली.

दुकानदार लाइलने चष्मा कपाळावर चढवला. “हिला काय झालं आता?”

“जड वाटते.”

“सव्वा पौंडाची आहे. आखूड आहे, बारीक आहे. माझं दुपारचं सँडविच हिच्यापेक्षा जड असतं.”

“ते दिसतंच आहे,” खिडकीपाशी बसलेला मर्ल लाइलच्या पोटाकडे बघत म्हणाला. मर्ल निवृत्त झाल्यापासून रोज दुकानात येई, फुकट कॉफी पिई आणि बदल्यात मतं देई. त्याच्या मते जाड नळी हीच खरी नळी. बारीक नळी चार गोळ्यांत तापते आणि नेम शेजाऱ्याच्या गोठ्याकडे सरकतो. लाइलचं म्हणणं, चौथ्या गोळीपर्यंत थांबणारा कायोटी, म्हणजे इथला रानकोल्हा, त्याने अजून पाहिलेला नाही. मोंटानाच्या या कोपऱ्यात लोक अर्धस्वयंचलित रायफल एकेक भाग निवडून घरच्या टेबलावर जोडतात. नळी कोणती घ्यावी यावर जेवढी चर्चा होते तेवढी सून कशी आहे यावरही होत नाही.

वेंडेलला दोघांचंही पटे. मार्चमध्ये त्याला लांब नळी हवी होती. एप्रिलमध्ये आखूड. मे महिन्यात त्याने सोळा इंचांहूनही आखूड नळीची चौकशी केली. तिला वॉशिंग्टनची परवानगी लागते आणि परवानगीला पूर्वी वर्ष लागायचं. हल्ली ती लवकर येते, असं लाइलने आनंदाने सांगितलं. वेंडेलचा चेहरा पडला. सरकारने काम वेळेत केल्याचं दुःख झालेला माणूस लाइल प्रथमच पाहत होता.

रायफल वेंडेलच्या बापाची होती. फेब्रुवारीत आई गेली. चर्चमधल्या बायकांनी तीन आठवडे बटाट्याचे आणि नूडल्सचे झाकलेले ट्रे आणून दिले, मग तेही थांबले. एका दुपारी वेंडेल न कळवता बापाच्या घरी गेला. बाप स्वयंपाकघरात बसला होता. रायफल मांडीवर होती. टेबलावर ती साफ करायला ना तेल होतं, ना फडकं. या गावात माणसाला ‘कसं वाटतंय’ असं विचारत नाहीत. फार तर ट्रक कसा चाललाय, असं विचारतात. म्हणून वेंडेल म्हणाला, “डॅड, ही तुम्हाला जड होते. मी हलकी करून आणतो.” बापाने दिली. बाकीच्या बंदुका वेंडेलने त्याच आठवड्यात तेल द्यायला म्हणून नेल्या. तेव्हापासून रायफलचे भाग वेंडेलच्या गॅरेजमध्ये एका खोक्यात होते आणि नळी काही ठरत नव्हती.

दार वाजलं. ऑर्व्हिल हॉगन आत आला. हाच तो बाप. टोपी न काढता तो थेट काउंटरपाशी गेला.

“लाइल, कायोटींनी कोकरं न्यायला सुरुवात केलीय. काल दोन गेली. मला माझी रायफल पाहिजे. कुठलीही नळी लाव, पण आजच्या आज लाव.”

“डॅड, मी म्हणालो ना, माल येत नाहीये.”

“मार्चपासून? अख्ख्या देशात एक नळी नाही?”

“माल येत नाही?” मर्लने कप खाली ठेवला. “ऑर्व्हिल, लाइलने मागवली नाही अशी नळी उरलेली नाही. लांब झाली, आखूड झाली, ही तर सगळ्यांत हलकी. तुमच्या पोराला एकही पसंत पडत नाही. लग्नाच्या वेळी त्याने इतकी पारख केली असती तर आज तो सुखात असता.”

कोणी हसलं नाही. लाइल स्वच्छ काउंटर पुसू लागला. वेंडेल भिंतीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होता, वरपासून खालपर्यंत आणि पुन्हा वरून.

ऑर्व्हिलने मुलाकडे पाहिलं. या गावात इतका वेळ कोणी कोणाकडे पाहत नाही.

“त्या बाकीच्या बंदुका,” तो म्हणाला. “त्यांना तेल देऊन झालं?”

“नाही,” वेंडेल म्हणाला. “अजून नाही झालं.”

“हं.”

ऑर्व्हिलने नळी उचलली. याच हाताने तो अजून कुंपणाचे खांब ठोकत असे. नळी त्याने बोटांवर तोलली, उजेडाकडे धरून आतून पाहिली. मर्ल पुन्हा काही बोलणार होता, पण लाइलने त्याच्या कपात कॉफी ओतली. कप भरलेलाच होता.

“जड आहे,” ऑर्व्हिल म्हणाला.

“जड?” मर्ल म्हणाला.

“माझ्या वयाला जड. लाइल, याहून हलकी बघ.”

याहून हलकी नळी कोणी बनवतच नाही. लाइल हे गेली वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. “बघतो,” तो म्हणाला. “वेळ लागेल.”

“लागू दे.”

दोघं बाहेर आले. ऑर्व्हिलने ट्रकचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

“आणि कायोटी?” वेंडेलने विचारलं.

“तू येत जा संध्याकाळी. जेवायलाच ये. तुझी रायफल घेऊन ये.” तो ट्रकमध्ये चढला आणि त्याने काच खाली केली. “जाताना मात्र ती आठवणीने परत ने.”