आत्याचा मान

"ताई, मेंदूतल्या गाठीचं जनुक पुसल्याखेरीज बाळाला नाव ठेवायला बंदी आहे," पाळण्याशी वाकलेल्या ईशानीला हेरंबने हटकले. "उद्या ते पुसायला सरकारी पथक येईल."

ईशानीने उजवा कान भावाकडे वळवला.

"येऊ दे. कर्करोग नव्हे, साधी गाठ ती. माझी काढली तेव्हा डावा कान घेऊन गेली, मला नाही नेलं. आजीलाही होती, तिचं बारसं कुणी अडवलं होतं?"

"आणि हिलाही झाली तर?"

भावजयीने पाळण्याची दोरी ईशानीच्या हाती दिली. ईशानीने बाळाच्या डाव्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितले. मग उजव्यातही सांगितले.

"दोनदा कशाला?" हेरंबने विचारले.

"एक कान गेलाच, तर नाव दुसऱ्यात राहील."