दोराचं दुसरं टोक

"दोन हिसके," धाकटा म्हणाला. "गाठ पक्की झाली की दोराला दोन हिसके द्यायचे. ते आल्याशिवाय मी इकडून ओढणार नाही. आधी ओढलं तर दोर तुमच्या हातांतून निसटेल आणि तळव्यांची सालटी निघतील."

"माहीत आहे, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तुमचे भाऊ झोपेतसुद्धा चादर दोनदा ओढायचे."

धाकटा हसणार होता. पण त्याने दोराचं वेटोळं उचललं आणि ते उलगडत पलीकडच्या झाडाकडे निघाला.

तळ्याकाठची दोन झाडं. त्यांच्यामध्ये ताडपत्री टाकलेला दोर आढ्यासारखा ताणायचा, ताडपत्रीच्या कडा खुंट्यांना बांधायच्या, की डोंगर चढून आलेल्या पाहुण्यांचं रात्रीपुरतं छप्पर तयार. हा दोघा भावांचा धंदा. एका टोकाची गाठ थोरल्याची, दुसऱ्या टोकाचा ताण धाकट्याचा. मध्ये ताडपत्री वाऱ्याने फुगून पडद्यासारखी उभी राहायची. ना पलीकडचं माणूस दिसायचं, ना त्याचं बोलणं ऐकू यायचं. म्हणून हिसके.

थोरल्याच्या गाठीबद्दल लोक काय वाटेल ते सांगतात. एकदा म्हणे असं वादळ आलं, की सकाळी झाड मुळासकट तळ्यात तरंगत होतं आणि गाठ मात्र जागच्या जागी होती. झाडच नव्हतं तर जागा कुठली, असं विचारायचं नसतं.

पण थोरला दोनवर थांबायचा नाही, हे मात्र खरं. दोन हिसके आले, धाकटा ताणाचा फासा पाडायला वाकला, त्याने दोराचं शेपूट मनगटाला गुंडाळलं, की तिकडून तिसरा यायचा. धाकटा तोंडावर झाडाला आदळायचा. जन्माला येताना सरळ असलेलं त्याचं नाक असं करून करून मधोमध उंच झालं होतं. आणि घरी जेवताना थोरला बायकोला साळसूदपणे सांगायचा, "तुझा दीर झाडांचे पापे घेतो. त्याच्या लग्नाचं काहीतरी बघ." धाकट्याने खरं काय ते कधीच सांगितलं नाही. भात कालवताना तो नुसता भावाकडे बघायचा, आणि थोरला ताटात तोंड लपवून हसायचा.

मागचा हंगाम संपता संपता थोरला झोपेतच गेला. तेव्हापासून ताडपत्र्या गुंडाळून पडल्या होत्या. धाकट्याने दोघा-तिघांना त्या टोकाला उभं करून पाहिलं. एकाने गाठीच्या आधीच हिसका दिला, दुसरा गाठ मारून फोनवर बोलत बसला. शेवटी त्याने सगळं सामान विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक उद्या सकाळी टेम्पो घेऊन येणार होतं. वहिनी इतकी वर्षं घरी बसून ताडपत्र्यांचे कोपरे शिवत आली होती. काल ती एवढंच म्हणाली, "एकदा मला तिथे उभं करा. नाही जमलं तर खुशाल विका. मग माझं काय करायचं ते माझं मी बघेन."

आता ताडपत्री फुगली आणि वहिनी दिसेनाशी झाली. धाकट्याने आपलं टोक झाडामागून फिरवून घेतलं आणि ते हातात अलगद धरून उभा राहिला. दोर जरा हलला. थांबला. पुन्हा हलला. ती वेढे घेत असणार. एखादा घसरला असेल, तो पुन्हा घेतला असेल. थोरल्याला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

मग आले. एक हिसका. दुसरा. अगदी स्वच्छ.

धाकट्याने फासा पाडला, शेपूट त्यातून ओवून मनगटाला गुंडाळलं, डावा पाय झाडाच्या मुळाशी रोवला आणि नाक बाजूला वळवलं.

आणि तसाच उभा राहिला.

ताडपत्री फडफडत होती. दोर स्वस्थ होता.

थोड्या वेळाने ताडपत्रीच्या कडेने वहिनीचं डोकं बाहेर आलं. "भाऊजी, दोन दिले की मी. पोचले नाहीत का?"

"पोचले."

"मग ओढा ना. गाठच चुकली की काय असं वाटायला लागलंय मला."

त्याने अंगाचा सगळा भार टाकून ओढलं. गाठ तसूभरही सरकली नाही. दोर ताठ झाला, ताडपत्री जमिनीवरून उचलली गेली आणि खाली चौकोनी सावली पडली. त्याने शेपूट बांधून टाकलं. वहिनी लगबगीने त्या सावलीत आली आणि वर बघत राहिली. तिचे तळवे लालबुंद झाले होते. ते तिने पाठीमागे नेले.

"टेम्पोवाल्याला काय सांगायचं?" तिने वर बघतच विचारलं.

"येऊ नको म्हणून सांगू."

ती मटकन खाली बसली. तिथूनच म्हणाली, "मग एवढा वेळ कसली वाट बघत होता? माझा जीव टांगणीला."

"दोनच आले," धाकटा म्हणाला.

"दोनच ठरले होते ना?"

"हो, वहिनी. दोनच ठरले होते."

तो कडेच्या खुंट्या ठोकायला निघाला. जाता जाता त्याने नाक चाचपलं. नाकाला काहीसुद्धा लागलं नव्हतं.